पान एकतीस

पेन्सिलीने काढलेला बारीक त्रिकोण.

सुईने पाडलेलं एक भोक. आरपार.

'झो'. बस, एवढंच.

हिरव्या शाईचा ठिपका, आणि त्याच्याशेजारी, दमून काढल्यासारखी, एक आडवी रेघ.

'हे माझं वाचून झालंय. परत आणू नका.' लिहिणारी बायको आहे, आणणारा नवरा.

चहाच्या कपाचा अर्धा गोल. हा धरायचा की नाही, यावर पाच शहाणी माणसं वीस मिनिटं भांडली. ते पुढे येईल.

मित्रांनो, हे सगळं माझ्या पोटात आहे. मी पुस्तकांची पेटी, क्रमांक चौदा. माझं वय विचारू नका, माझ्या फळ्या माझ्याहून थोरल्या आहेत. जिल्हा कचेरीची जुनी दारं काढली, तेव्हा त्या दारांच्या चाळीस पेट्या झाल्या. म्हणून माझ्या उजव्या कुशीत अजून कडीचं भोक आहे. त्यातून हवा येते, उजेड येतो आणि बाहेरचं बोलणंही येतं. मी सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या भोकातून आत आलेलं आहे.

तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात वाचनालय एकच होतं. मोठ्या गावात, अकरा पायऱ्या चढून. ते एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या ताब्यात होतं. बाईंचे गुडघे दुखायचे. एके दिवशी शेवटच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "मी इथे पोटासाठी येते, तरी मला या पायऱ्या जड जातात. ज्याला फक्त गोष्ट वाचायची आहे तो कशाला येईल? माणसं येत नाहीत ना, मग पुस्तकं जाऊ देत."

अशा आम्ही निघालो. बसच्या टपावरून, होडीतून, दुधाच्या गाडीतून. प्रत्येक पेटीत चाळीस पुस्तकं, एक वही आणि वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. तीन महिने एका ठिकाणी राहायचं, मग पुढच्या गावी. जिल्ह्याचं वाचनालय म्हणजे तेव्हा इमारत नव्हती, ते एक वेळापत्रक होतं.

मी कुठेकुठे राहिले? पाण्याच्या टाकीखाली, पंप चालवणाऱ्या काकांच्या खोलीत. तिथे यंत्राच्या घरघरीत वाचायचं म्हणून लोक आपोआप मोठ्याने वाचत आणि न वाचणारेही ऐकत. रुग्णालयाच्या बोळात राहिले. तिथे एका गृहस्थांना घरी सोडायचं ठरलं तर ते पलंगावरून उतरेनात. शेवटची तीस पानं राहिली होती. नर्सबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "जखम भरली आहे हो, पण कादंबरी अजून उघडी आहे." केस कापणाऱ्या काकांच्या दुकानातही राहिले. तिथे नंबर आला तरी माणसं उठत नसत. "तुम्ही बसा, तुम्ही बसा," असा आग्रह चालायचा. बाहेरच्याला वाटे, काय सभ्य गाव आहे. सभ्य कुठलं, प्रकरण संपलेलं नसायचं.

आता गुप्त पानाबद्दल सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

पुस्तक ढापणारा माणूस आधी पहिलं पान फाडतो, कारण वाचनालयाचा शिक्का तिथे असतो. म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं, आणखी एक शिक्का आतल्या पानावर मारायचा. कुठल्या पानावर, ते फक्त आपल्या माणसांना माहीत. त्यांनी एकतिसावं पान निवडलं. (ज्या पुस्तकांना तीसच पानं आहेत त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. ती पुस्तकं अजून बिनशिक्क्याची हिंडतात.) वर्षभरात हे पान इतकं गुप्त झालं की पुस्तक हातात आलं की जिल्ह्यातला कुणीही आधी एकतीस उघडून बघायचा.

त्या शिक्क्याशेजारी पहिली खूण केस कापणाऱ्या काकांनी केली. तोच तो त्रिकोण. "मला डोकी लक्षात राहतात, पुस्तकं नाही," ते म्हणाले. "चार पानं वाचून झाल्यावर कळतं की हे आधी वाचलंय. आता त्रिकोण दिसला की पुढचं पुस्तक." वाचनालयाने आपली निशाणी इथे केली आहे, तर आपणही इथेच करावी, असा त्यांचा सरळ हिशेब. बघता बघता ती रीतच पडली. कुणी फुली मारली, कुणी चांदणी काढली. कुणी कुणाला शिकवलं नाही आणि कुणी कधी कबूलही केलं नाही.

(इथली दोन वर्षं ओली आहेत. एका गळक्या छपराखाली मी फुगले होते आणि झाकण लागत नव्हतं. काय झालं ते मला नीट आठवत नाही.)

मग गाडी आली. पुस्तकांचे कप्पे असलेली, शिडी लावलेली, भोंगा वाजवणारी गाडी. मोठ्या वस्त्यांना शाखा मिळाल्या. पेट्यांचं काम संपलं. कुणाची बाकडी झाली, कुणात कोळसा भरला. मी दगडखाणीच्या वस्तीत होते, तिथेच राहिले. खाणीतून निघणाऱ्या मालगाड्या तोलायचा जुना वजनकाटा बंद पडला होता. त्या काट्याच्या दोन खोल्यांत शाखा उघडली. मला चाळीस पुस्तकांसकट जिन्याखाली सरकवलं. माझ्यावर बादली आली, बादलीत पुसणं, पुसण्याशेजारी झाडू. मित्रांनो, तक्रार करत नाही. बादली फुटकी नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी बाई आल्या.

बाई म्हणजे शाखेच्या ग्रंथपाल. एकट्याच, म्हणजे त्याच साहेब आणि त्याच शिपाई. आल्या तेव्हा तरुण होत्या, स्वच्छतेच्या इतक्या भोक्त्या की पहिल्या आठवड्यात त्यांनी वजनकाट्याचा आकडासुद्धा घासून काढला. दर शनिवारी दुपारी परत आलेली पुस्तकं पुढ्यात घ्यायच्या, एकतिसावं पान उघडायच्या आणि खोडरबर चालवायच्या. अगदी हळू, कागद चुरगळू नये म्हणून एकाच दिशेने. मग फुंकर. शाईची खूण असेल तर ब्लेडने खरवडायच्या. भोक असेल तर मागून कागदाचा तुकडा चिकटवायच्या. बावीस वर्षं. एकही शनिवार चुकला नाही.

माझी पुस्तकं मात्र त्यांनी कधी उघडली नाहीत. संगणक आला तेव्हा मोठ्या कचेरीने कळवलं होतं की पेटीतली पुस्तकं जुनी आहेत, बाद होतील, त्यांना क्रमांक देऊ नयेत. ती बाद करायला कुणी आलंच नाही. बाई लोकांना म्हणायच्या, "पेटीतलं काय हवं ते घेऊन जा. नोंद नको, तारीख नको. वाचून झालं की पुन्हा आत टाका." लोक बादली उचलत, झाकण उघडत, नेत, आणत. बाईंना वाटे, चार म्हातारी माणसं जुनं काहीतरी चाळतात.

वस्तीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. तोंडात टाचण्या धरूनही बोलायच्या. दर महिन्याला एकदा तरी हे व्हायचं:

"बाई, हे पुस्तक मी आधी नेलं होतं का हो?"

"मावशी, तिसऱ्यांदा नेताय."

"तरीच. साठ पानं झाल्यावर वाटलं, हा खुनी माझ्या ओळखीचा आहे."

"पण मग आधी बघून का नेत नाही?"

मावशी काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या, आणि टाचण्यांचं निमित्त करून मिटायच्या.

आणि मग पत्र आलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने, समोर काटेवाले काका बसले होते त्यांच्यासाठी. काका पूर्वी याच खोलीत गाड्या तोलायचे. निवृत्त झाल्यावरही सवयीने रोज येऊन बसत आणि वर्तमानपत्र वाचत. पत्रात लिहिलं होतं: ज्या शाखेची देवघेव महिन्याला शंभराच्या खाली आहे ती शाखा तीन महिन्यांनी बंद होईल. आपल्या शाखेची सरासरी एकसष्ट. पुस्तकं मुख्य वाचनालयात जमा करावीत. ग्रंथपालांनी अभिलेख विभागात रुजू व्हावं.

"एकसष्ट," काका म्हणाले. "एवढी तर माझ्या गल्लीत वाचतात."

"कार्डावर एकसष्टच आहेत, काका."

"अहो, कार्ड कुणाचं आणि वाचतो कोण. खाणीतली पाळी सुटते तेव्हा तुमचं दार बंद झालेलं असतं. आमची सून नेते, तिच्याकडून शेजारची, तिच्याकडून तिची जाऊ, मग जावेचा भाऊ. पंधरा दिवसांत पुस्तक नऊ घरं जेवून येतं."

हे बाईंना अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. नऊ घरांचा पुरावा काय? मोठ्या कचेरीत 'आमची सून सांगते' असं लिहून चालत नाही.

त्या दिवशी मावशी आल्या तेव्हा बाईंनी त्यांनाही पत्र दाखवलं. मावशींनी टाचण्या काढून पदराला लावल्या, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"त्यात काय, खुणा मोजा की."

"कसल्या खुणा?"

"एकतिसाव्या पानावरच्या."

मावशीच पुढे बोलल्या, जरा खालच्या आवाजात. "ज्याने वाचलं त्याने खूण करायची. घरोघरी फिरतं ना पुस्तक, मग कुणाचं झालं, कुणाचं राहिलं, ते तिथेच कळतं. सगळे करतात. तुम्हाला माहीत असणार असं वाटायचं."

बाई माझ्यावर बसल्या. बादली बाजूला ठेवायचंही भान राहिलं नाही, ती खाली गडगडली. माझ्या आयुष्यात माझ्यावर पुष्कळ काही ठेवलं गेलं, पण इतकं जड काही नाही.

"मावशी, मला वाटायचं, लोक पुस्तकं घाण करतात. मी दर शनिवारी ते…"

"माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"आम्हाला वाटलं, वरून हुकूम असेल. आणि बाई, तुम्ही इतक्या मन लावून पुसायचात. कसं सांगायचं?"

बावीस वर्षांचा पुरावा बाईंनी स्वतःच्या हाताने फुंकून टाकला होता. आता त्यांच्या कपाटात तीन हजार पुस्तकं होती आणि एकतिसावं पान सगळ्यांचं दुधासारखं स्वच्छ.

काटेवाले काका वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "आणि हे तुमच्या बुडाखालचं?"

चार दुपारी मोजणी चालली. बाई पान उघडत, मावशी खूण वाचून दाखवत, काका लिहून घेत. मी रिकामी, झाकण उघडं, मध्ये. आधीच्या गावांच्या फिक्या पडलेल्या खुणा सोडून माझ्या चाळीस पुस्तकांत एकूण एक हजार एकशे सात खुणा निघाल्या. त्या दोनशे बारा वेगवेगळ्या हातांच्या होत्या. एका पुस्तकात शिक्का शोधावा लागला, तो खुणांखाली बुडाला होता.

पण अडचण वेगळीच होती. खूण दाखवायची म्हणजे गुन्हा दाखवायचा. पुस्तकावर काही लिहू नये हा नियम नऊ, तो दारावरच लावलेला. बाईंनी ठरवलं, लोकांना विचारल्याशिवाय पेटी न्यायची नाही. मावशी म्हणाल्या, "माझी फुली खुशाल दाखवा. शिवणाऱ्या बाईची फुली, टाका घातल्यासारखी आहे, कुणीही ओळखेल." वस्तीने हो म्हटलं. फक्त गुरुजी बाकी राहिले. त्यांनी वस्तीतल्या तीन पिढ्यांना पुस्तकावर रेघ ओढली म्हणून अंगठे धरून उभं केलं होतं.

"माझी खूण नाही," गुरुजी म्हणाले.

"असू दे गुरुजी. हे सुईचं भोक कुणाचं ते तेवढं कळत नाही. चाळीसपैकी अडतीस पुस्तकांत आहे," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी बराच वेळ चष्मा पुसला.

"नियमात लिहू नये असं आहे," ते म्हणाले. "ते लिहिणं नव्हे. भोक आहे."

मग फिरत्या गाडीच्या शिडीवरून मला वर चढवलं आणि मी पुन्हा एकदा प्रवासाला निघाले. जिल्हा समितीच्या टेबलावर मला ठेवलं तेव्हा टेबलाच्या चकचकीत रंगावर माझ्या खिळ्याचा ओरखडा उठला, आणि मुख्य लिपिकांचं पहिलं वाक्य त्याबद्दलच होतं. त्यांना सगळे नियमकाका म्हणत. समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई पूर्वी कधीतरी दवाखाना चालवायच्या.

बाईंनी कार्डाचा आकडा सांगितला, मग खुणांचा. पुस्तकं हातोहात फिरली. त्या अर्ध्या गोलावर वाद तेव्हा झाला. एक जण म्हणे, कप ठेवला म्हणजे माणूस वाचत होता. दुसरा म्हणे, कप ठेवला म्हणजे वाचत नव्हता, पुस्तकाचा उपयोग बशीसारखा करत होता. शेवटी अर्धीच खूण धरायची असं ठरत होतं.

नियमकाकांनी खाकरून घेतलं. "हे सगळं विद्रूपीकरण आहे. नियम नऊ. म्हणजे तुम्ही बावीस वर्षं पुस्तकं तपासलीच नाहीत?"

"तपासली," बाई म्हणाल्या. "बाकीची तीन हजार दर शनिवारी तपासली. तोच घोळ झाला."

"मुख्य वाचनालयात असला प्रकार चालत नाही. मागवा कुठलीही पाच पुस्तकं."

शिपायाने पाच पुस्तकं आणली. नियमकाकांनी एकेकाचं एकतिसावं पान उघडून टेबलावर मांडलं. शिक्का, आणि भोवती कोरा कागद. पाचही कोरी.

"बघा. एक डाग नाही."

अध्यक्षबाईंनी पाचही पानं आळीपाळीने बघितली. मग विचारलं, "हे पुसलंय, की कुणी वाचलंच नाहीये?"

नियमकाकांनी एक पान उजेडाकडे धरलं.

"रेकॉर्ड बघून सांगावं लागेल," ते म्हणाले.

"पान बघून सांगता येत नाही?"

"पान बघून… नाही सांगता येत."

"या पेटीतलं पान बघून मला सांगता येतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं नाही.

निकाल आठवड्याने आला. मित्रांनो, तो जसा आला तसाच सांगते, कारण त्यात थोडं आनंदाचं आहे आणि थोडं नाही. खाणीच्या वस्तीची शाखा बंद होणार नाही. दोन वर्षांनी पुन्हा पाहणी होईल. शाखेची वेळ बदलावी, पाळी सुटल्यावर दोन तास दार उघडं असावं. प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक पट्टी चिकटवावी, वाचकांनी आपली खूण तिथेच करावी. आणि पेटी क्रमांक चौदामधल्या पुस्तकांची निगा न राखल्याबद्दल ग्रंथपालांना लेखी ठपका.

ज्या चाळीस पुस्तकांमुळे शाखा वाचली त्यांच्यासाठी ठपका मिळाला. ज्या तीन हजारांमुळे ती बुडायला आली होती त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी ठपक्याचं पत्र फायलीत लावलं. मावशींनी विचारलं, "वाईट वाटलं?" बाई म्हणाल्या, "वाटलं थोडं. अक्षर छान आहे मात्र."

पट्ट्या चिकटवल्या. सुरेख आहेत, आखीव, चौकोनांच्या. त्यांच्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही. खुणा एकतिसाव्या पानावरच पडतात. बाई शनिवारी पुस्तकं पुढ्यात घेतात, पान उघडतात आणि मोजतात. खोडरबर त्यांच्या खणात आहे. मागच्या महिन्यात कुणीतरी रहस्यकथेच्या एकतिसाव्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, तेव्हा तो खणाबाहेर निघाला.

माझ्यावरची बादली आता दाराबाहेर असते. मी खिडकीखाली आहे. माझ्या पुस्तकांना क्रमांक मिळाले आहेत, म्हणजे त्यांना आता तारीखही आहे, आणि त्याबद्दल वस्तीत कुरकुर आहे. दोन वर्षांची मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपते. मागचा महिना दीडशेचा होता, त्याच्या आधीचा अठ्ठ्याण्णवचा. काय होईल ते मी सांगू शकत नाही.

माझ्यासारख्या पेटीने शेवटी चार शब्द सांगायचे असतात. पुस्तकं जपा, असं सांगायला हवं. जपाच. पानं दुमडू नका, ओली करू नका, त्यांची बशी करू नका. पण तुमच्या वस्तीत वाचनालय असेल तर त्याच्यावर दुरून माया करू नका, आत जा. पुस्तक स्वतःच्या कार्डावर घ्या. ज्याला वाचनालयाच्या वेळेत येता येत नाही त्याला ते वाचायला द्या आणि वेळेवर परत करा. आणि तुमच्या हाती कधी खोडरबर आला, तर पुसण्याआधी विचारा की हे कुणाचं आहे. विचारायला अर्धं मिनिट लागतं. बाईंना विचारायला बावीस वर्षं लागली, आणि त्या काही वाईट ग्रंथपाल नव्हत्या. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यांत चांगल्या त्याच.

ज्या पहिल्या गावात मला बसच्या टपावरून उतरवलं, तिथे सात आठवडे माझं झाकण कुणी उघडलं नाही. आठव्यात उघडलं.